धुऱ्यानं मोजलेलं पाणी

भंतेजी, वहिनी, सुखदेवची लेक अन् जावई, बोरगाव मेघेवरून आलेले पाव्हणे, सरपंचताई, अन् माह्या गावचे समदे लहानमोठे. जय भीम. रामराम.

विहाराच्या या अंगणात एवढी माणसं मी लय दिवसांनी पाहून राह्यलो. बाया ओट्यावर, माणसं सतरंजीवर, अन् ज्याईले जागा नाई ते निंबाखाली उभे. सुखदेव असता तं पहिले म्हणला असता, "अरे, एवढ्या लोकायच्या पिण्याच्या पाण्याचं पाह्यलं का कोणी?" त्याचा पहिला सवाल तोच राहे. लग्न असो, मरण असो, पहिला सवाल पाण्याचा.

मी बोलणारा माणूस नाई. सकाळीच सरपंचताईले म्हणलं होतं, माहं नाव घेऊ नका. पण वहिनी म्हणाल्या, "पुंडलिकभाऊ बोलतीन." बस, तेवढंच म्हणाल्या. त्याईच्या तोंडाकडं पाह्याची माही हिंमत झाली नाई, म्हणून मी मान हालवली.

माणूस गेला का त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, अशी रीत आहे. सुखदेवबद्दल चांगलं बोलाले मले जोर नाई लागत. अडचण माही आहे. त्याच्याबद्दल खरं सांगतो म्हणलं तं माह्याबद्दलही खरं सांगा लागते. मंग ते ऐकून घेजा.

आज सकाळी जलदान झालं. आमच्यात तेरवी असते, इथं जलदान. मी लहानपणापासून पाहून राह्यलो. घरचे लोक तांब्यातलं पाणी वाटीत ओततात, वाटी भरते, भरून ताटात सांडते. तसं ते सांडलं पायजे. गेल्या माणसाचं पुण्य असं भरून वाहावं, म्हणून. आज काय झालं? तुमी पाह्यलं. वहिनीनं पाणी ओतलं. पाणी गढूळ होतं. वाटी भरत आली, अन् तांब्या रिकामा झाला. भंतेजी थांबले. कोणीतरी मागून म्हणलं, "त्या कॅनमधलं घ्या." कोपऱ्यात थंड पाण्याच्या कॅन ठेवल्या आहेत, पाहा त्या. वहिनी म्हणाल्या, "नाई. विहिरीचं आहे तेवढंच."

विहिरीचं आहे तेवढंच! काल वहिनीनं सोता बादली टाकली होती. बादली तळाले टेकली. दोन-तीन खेपा करून जे गढूळ पाणी आलं, ते तुरटी फिरवून ठेवलं होतं. ज्या माणसानं वीस-बावीस वर्षं या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, वीस-बावीस वर्षं दर पौर्णिमेले दोराले दगड बांधून तिचं पाणी मोजलं, त्याच्या जलदानाची वाटी सांडेपर्यंत पाणी पुरलं नाई. मले लाज वाटली हो. मी तिथं बसलो होतो, अन् मले उठून जावं वाटलं.

पाव्हण्यायले समदं माहीत नसन म्हणून सांगतो. सुखदेव आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होता. कामाचं नाव मोठं, काम उन्हातान्हाचं. पाण्याची बाटली भरून तपासणीले वर्धेले नेणं, पावडर मोजून टाकणं, कुठं पाइप फुटला तं बोंब मारणं. पाणी मोजाचं मात्र त्याले कोणी सांगतलं नव्हतं. ते त्याचं सोताचं. पौर्णिमेची वंदना झाली का तो इथूनच सरळ विहिरीवर जाये. दगड खाली सोडे, दोर ओला कुठपर्यंत आला ते पाहे, अन् विहिरीच्या खांबावर गेरूनं एक रेघ मारे. तो खांब लाल रेघायनं भरला आहे. आमी हासो. मी म्हणो, "सुखदेव, विहिरीले ताप आला का रे, दर पौर्णिमेले थर्मामीटर लावते?" तो म्हणे, "ताप आल्यावर लावून काय फायदा?"

मी अन् तो एका वयाचे. एका शाळेतले. पण या विहिरीवर आमी एका जागी उभे नव्हतो, हे आज सांगतलं पायजे. मी पाच-सहा वर्षांचा असन. माहा आजा विहिरीच्या काठावर उभा राहे, अन् सुखदेवची माय खाली, घागर घेऊन. आजा वरून पाणी ओते. अर्धं घागरीत, अर्धं तिच्या अंगावर. कधी आज्याच्या मनात नसलं तं ती घंटा-घंटा उभी राहे. मी पाह्यलं आहे. सुखदेवनंही पाह्यलं आहे, मायचं लुगडं धरून, खालून.

मंग शिवाशिवीविरुद्धचा कायदा आला. कायदा तं पहिलेच आलता म्हणा, आमच्या गावात पायी चालत आला. एक दिवस त्याच्या मायनं सोताच्या हातानं बादली विहिरीत टाकली. सुखदेव सांगे, "पुंडलिक, तिच्या हातून दोर सुटला रे. धराची सवयच नव्हती. बादली विहिरीत गेली, अन् माय हासत होती." तो हे सांगे तवा तोही हासे. मले हासू येत नसे.

म्हणून सुखदेवचा कायद्यावर एवढा भरवसा होता. आपल्यासारख्यायले कायदा म्हणजे कचेरीतला कागद. त्याले तसं नव्हतं. त्याच्या मायच्या हातात दोर कायद्यानं देल्ला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात भूजलाच्या कायद्याची झेरॉक्स राहे. घड्या पडून-पडून फाटली, तं त्यानं चिकटपट्टी लावली. ग्रामसभेत उठून वाचून दाखवे: गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कोणाले मनात आलं म्हणून बोअर मारता येत नाई. वाचून झालं का खिशावर हात ठेवे अन् म्हणे, "आपली विहीर एकटी नाई. तिच्यामागं सरकार आहे." आमी टाळ्या वाजवो.

मागच्या वर्षी रस्त्याच्या कडेले पाण्याचा प्लांट आला. मालक पिपरी मेघेचा. नाव घेत नाई, त्याचं काम त्यानं केलं. त्याले बोअर माराची होती. परवानगी पायजे होती, म्हणून एक साहेब मोजणीले आले. ते मालकाच्याच जीपमधून उतरले, ते मी पाह्यलं. सुखदेव त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन वर्धेले गेलता. मले पंच म्हणून बोलावलं. दुसरे पंचही इथंच बसले आहेत, त्याईचं नाव मी घेत नाई, त्याईनं मनात घ्यावं.

विहीर अन् ती बोअरची जागा, याच्या मधात माहं वावर आहे. वावरात तूर होती. डोक्याइतकी. पिवळी फुलं लागली होती. विहिरीच्या काठावर टेपचं एक टोक धरून मी उभा, अन् साहेबाचा माणूस दुसरं टोक घेऊन तुरीत घुसाले निंघाला.

अन् मी काय म्हणलं?

मी म्हणलं, "साहेब, तुरीत नका घुसू. फुलं झडतीन. धुऱ्यानं जा."

धुरा म्हणजे वावराची कड. शहरच्या पाव्हण्यायसाठी सांगतो. आमच्याकडं दुसऱ्याच्या उभ्या पिकात कोणी पाय टाकत नाई. मेलेल्या माणसाले स्मशानात नेतानाही आमी धुऱ्या-धुऱ्यानं नेतो. तं मी जे म्हणलं ते कोणताही शेतकरी म्हणला असता. साहेब माह्याकडं पाहून हासले. म्हणाले, "बरं काका, तुमी म्हणता तसं." अन् टेप गेला धुऱ्यानं. पहिले पूर्वेकडं, मंग वळून पांदणीनं, मंग पुन्हा वळून रस्त्यावर. माह्या वावराले पुरा वळसा. पाचशेच्या वर भरला.

मी सही केली. कागदावर काय लिहिलं ते वाचलं नाई. चष्मा घरी होता, असं मी आजपर्यंत सांगत आलो. चष्मा खिशात होता.

सायंकाळी सुखदेव बसमधून उतरला तो सरळ माह्या घरी आला. म्हणे, "मोजणी झाली म्हणते?" म्हणलं, "झाली." "कशी भरली?" म्हणलं, "पाचशेच्या वर." त्याले वाटलं असन का एवढं अंतर नसावं. पण मंग म्हणाला, "तू होता न टेपपाशी?" म्हणलं, "होतो." "मंग झालं. तू होता तं बरोबरच मोजली असन."

तू होता तं बरोबरच मोजली असन. मायबापहो, हे वाक्य मले झोपू देत नाई. त्यानं नकाशा पाह्यला नाई, साहेबाले विचारलं नाई. मी होतो, तेवढं त्याले पुरलं. नेहमीसारखं पाणी मागून प्याला, अन् घरी गेला.

बोअर लागली. उन्हाळ्यात खांबावरच्या रेघा खाली-खाली येऊ लागल्या. घरोघरी नळ आले, वेशीवर फलक लागला का गावात शंभर टक्के नळ. नळाची टाकी भरते कशावर? याच विहिरीवर. मंग नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. नळ फिरवला का फुस्स करून हवा येते. अन् त्याच उन्हाळ्यात आपण समद्यायनं त्या प्लांटच्या कॅन लावल्या. आपल्याच जमिनीखालचं पाणी, थंड करून आपल्याच दारात. मीही लावली. सुखदेवनं नाई लावली.

तो कचेऱ्या फिराले लागला. कोणत्या कचेऱ्या, नाव घेत नाई. एकात म्हणाले, आमच्याकडं कालव्याचं अन् धरणाचं पाणी असते. दुसऱ्यात म्हणाले, जमिनीखालचं आमी मोजतो, पण परवानगी आमची नाई. तिसऱ्यात म्हणाले, आमचं काम नळ बसवाचं, नळात पाणी आणाचं दुसऱ्या विभागाकडं. एका ठिकाणी त्याले सांगतलं का तुमी वरच्या प्राधिकरणाकडं जा, अन् वरून चिठ्ठी आली का खालीच दाद मागा. घरी येऊन मले सांगे अन् हासे. म्हणे, "पुंडलिक, पाण्याले बाप लय झाले रे. पाळणा हालवाले कोणी नाई."

तवाही तो कायद्यावर रागावला नाई. म्हणे, "कायदा बरोबर आहे, माणसं वाचत नाईत." मले वाटे, याले सांगावं. सांगावं का बावा, कायद्याच्या पोटात सुरी कचेरीनं खुपसली असन, पण मूठ माह्या हातात होती. पण मी सांगतलं नाई. चहा पाजला अन् पाठवून देल्लं.

मंग पावसाळ्यात त्यानं माहितीच्या अधिकारात पंचनाम्याची नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं, "पंचांच्या सांगण्यावरून धुऱ्याने व पांदण रस्त्याने मोजणी केली." खाली माही सही. तो नक्कल घेऊन वावरात आला. मी तुरीतलं तण डवऱ्यानं काढून राह्यलो होतो. त्यानं कागद पुढं केला. मले वाटलं, आता हा शिव्या देईन. देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

तो कागदाकडं पाहे, तुरीकडं पाहे. मंग मले म्हणाला, "काऊन रे पुंडलिक, पाणी जमिनीखालून धुऱ्यानं जाते का?"

मी डवऱ्याची माती काढाले लागलो.

"पांदणीनं जाते का? वळसा घालून? पाणी सरळ जाते न बावा?"

पाणी सरळ जाते. बोअर ओढते तवा पाणी माह्या तुरीच्या मुळ्याखालून सरळ जाते. कोणाच्या पिकाची लाज धरत नाई. सरळ मोजलं तं पाचशे भरत नाई. पुरं नाईच भरत. हे त्याले कळलं, मले तं पहिल्या दिवशीच कळलं होतं. टेप वळला तवाच.

तुमी म्हणसान, एवढं कळत होतं तं बोलला काऊन नाई? सांगतो. माहा जावई त्या प्लांटवर कामाले लागला. मोजणीनंतर महिन्याभरानं लागला. कोणी मले काई म्हणलं नाई, कोणी काई मागतलं नाई. पण लेक सुखानं राहून राह्यली, अन् माही जीभ आपोआप जड झाली. आपल्याकडं फितुरी अशीच होते. कोणी बोलावत नाई, आपणच जाऊन बसतो.

सुखदेवनं हरकत घेतली. सुनावणी लागली. तो माह्या घरी आला. म्हणे, "तुले काई जास्त बोलाचं नाई. एकच वाक्य बोल. माह्या तुरीमुळं टेप धुऱ्यानं नेला. बस. साहेबावर आळ नको घेऊ, मालकावर नको घेऊ. जे झालं ते सांग. विहीर वाचते." मी म्हणलं, "येतो." त्यानं माहा हात धरला. "सकाळच्या बसनं. मी जागा धरून ठेवतो."

त्या दिवशी सकाळी मी टेम्पोत सोयाबीन भरलं अन् आर्वीच्या बाजारात गेलो.

सोयाबीन चार दिवसांनी नेलं असतं तं कुजलं नसतं. मी त्याच दिवशी नेलं. बस फाट्यावर थांबली होती, तवा माहा टेम्पो बाजूनं गेला. मी पाह्यलं. सुखदेव खिडकीपाशी बसला होता, अन् बाजूच्या सीटवर त्याचा दुपट्टा पसरला होता. माह्यासाठी. त्यानंही टेम्पो पाह्यला. हात वर केला. त्याले वाटलं मी थांबीन.

सायंकाळी तो आला. मी ओट्यावर बसलो होतो. मनात म्हणलं, आता तरी भांड गड्या. तो उभाच राह्यला. मले म्हणाला, "सोयाबीन गेलं का बरोबर?"

एवढंच. मी म्हणलं, "गेलं." मंग त्यानं सांगतलं, पंच आले नाईत म्हणून सुनावणीच्या साहेबानं पुढची तारीख देल्ली. मी बायकोले आवाज देल्ला, पाणी आण. तो म्हणाला, "नको. आज तहान नाई."

मायबापहो, त्याच्या आयुष्यात तो माह्या घरी आला अन् पाणी न पिता गेला, असं पहिल्यांदा झालं. ज्या घराच्या आज्यानं त्याच्या मायले वरून पाणी ओतलं, त्या घरी येऊन तो पहिले पाणी मागे. मुद्दाम मागे. म्हणे, "पुंडलिक, पहिले पाणी पाज." मले ते समजे, त्यालेही समजे, आमी कधी बोललो नाई. त्यानं आमच्या घराले माफ केलं होतं. पेल्या-पेल्यानं माफ केलं होतं. अन् मी काय केलं? आज्यानं तं काठावर उभं राहून, लोकायसमोर पाणी अडवलं. मी तोंडावर हासून अडवलं. माहा आजा माह्यापेक्षा सरळ माणूस होता, असं मले आता म्हणा लागते.

हा दोर पाहा. फोटोच्या पुढं ठेवला आहे तो. पाव्हणे मघाशी विचारत होते, हा कायचा एवढा मोठा भारा? हा घराघरातला दोर आहे. विहिरीत पाणी राह्यलं नाई, तं बायायनं दोर काढून खुंट्याले टांगले. सुखदेवनं दारोदार फिरून ते मागतले. कोणाचा नायलॉनचा, कोणाचा अंबाडीचा, सरपंचताईकडचा निळा. एकाले एक गाठ मारली. मंग विहाराच्या भिंतीपाशी बसून, टेपनं मोजून, दर मीटरवर चिंधी बांधली. मले म्हणाला, "पुढच्या तारखेच्या आधी सरळ मोजून, लोकायच्या सह्या घेऊन नेतो. तुह्या तुरीतून न्यू दे."

तवा तुरीले शेंगा धरल्या होत्या.

मी म्हणलं, "शेंगा भरू दे सुखदेव. तूर निंघाली का मंग नेजो."

तो म्हणाला, "तारीख तुरीच्या पहिले आहे रे."

मी पायाखालची ढेकळं पाहत राह्यलो. मंग तो म्हणाला, "बरं. तुही तूर आहे."

त्याच्याजवळ कायदा होता. गाव होतं. दोर होता. मले न विचारता तो तुरीत घुसला असता तं मी काय केलं असतं? पण दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय टाकाचा नाई, ही रीत त्यानंही पाळली. ज्या रीतीनं त्याची विहीर मारली, तीच रीत तो पाळत बसला. त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी, विहिरीच्या ओट्यावर त्याच्या छातीत कळ आली. बाया धावल्या. वहिनी सांगतात, दोर मांडीवर होता, सुटलेली एक गाठ तो पुन्हा बांधून राह्यला होता.

मले कोणी सांगू नका का त्याची वेळ आली होती. वेळ आली असन. पण त्याचा भरवसा पहिले गेला, मंग तो गेला. कायद्यानं दगा देल्ला असं मी इतके दिवस म्हणत होतो. कुंपणानंच शेत खाल्लं, असं चौकात बसून मीच मोठ्यानं म्हणलं आहे. हो, खाल्लं. ज्या साहेबाले कायदा राखाले ठेवलं, त्यानं कायद्याले वळसा घातला. ज्या कचेऱ्या पाण्यासाठी उघडल्या, त्याईनं पाण्याचे तुकडे करून वाटून घेतले अन् तहान आपल्याकडं ठेवली. त्याईचा मले राग आहे, अन् तो मी मरेपर्यंत सोडणार नाई. पण साहेबाले सुखदेवनं जागा धरून ठेवली नव्हती. जागा माह्यासाठी धरली होती.

वहिनी, मले माफी मागाचा हक्क नाई. तुमी मले बोलाले लावलं, ते कायले लावलं ते मले सकाळीच समजलं. तुमच्या घरचं पाणी माह्या घरानं दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा नाई.

तारीख येत्या सोमवारी आहे. मी जाणार. एकच वाक्य बोलणार. जावयाचं काम गेलं तं जावो, लेकीले मी सकाळी फोन करून सांगतलं. ती रडली. मंग म्हणाली, "बाबा, सुखदेवकाकाले पहिलेच सांगाचं होतं." बरोबर आहे तिचं.

पण नुसतं वाक्य नेऊन भागत नाई. वाक्य मी बदलवू शकतो, तुमाले आता माहा भरवसा राह्यला नाई, अन् नसावाच. म्हणून मोजणी नेली पायजे. तूर आज उभी आहे. शेंगा भरल्या आहेत. पंधरा दिवसांनी निंघाली असती.

आता आपण समदे उभे राहू. दोन मिनिटं. कोणी बोलू नका, लेकरायले शांत करा. शांत झालं का वाऱ्यावर तुमाले एक आवाज येईन. त्या बोअरच्या मोटरीचा. रोज येते, आपण ऐकत नाई. आज दोन मिनिटं कान देऊन ऐका. सुखदेव वर्षभर तो आवाज एकटा ऐकत होता.

दोन मिनिटं झाले का मी काई म्हणणार नाई. मी हा दोर उचलीन. एक टोक वहिनी विहिरीच्या काठावर धरतीन. दुसरं टोक घेऊन मी पुढं राहीन, अन् माह्या मागं ज्याले याचं त्यानं यावं. धुऱ्यानं कोणी येऊ नका. चपला घालून या, तुरीची खोडं पायाले लागतात.

सुखदेव, जय भीम. पाय टाक गड्या माह्या तुरीत. सरळ जा.